घरच्या रीफ टाकीतून सागरी सूक्ष्मजीवशास्त्र : गोव्यातील छंदिष्टांसाठी सविस्तर मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी जून महिन्यातल्या एका रात्री फोंड्यातील आमच्या घरची वीज सात तास गेली होती. समुद्री जीवांच्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे रीफ टाकीत, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप सुरू होता, त्यामुळे मासे सुखरूप होते आणि मी निश्चिंत झोपलो. पहाटे वीज आली, बाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर आपोआप सुरू झाला आणि त्यातून करड्या रंगाचे, कुजट वासाचे पाणी टाकीत आले. दुपारपर्यंत क्लाऊनफिशची जोडी आणि एक कोळंबी गेली.

त्या दिवसापर्यंत फिल्टर म्हणजे पाणी स्वच्छ करणारे यंत्र अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो डबा म्हणजे दाटीवाटीने राहणारी, अखंड श्वास घेणारी जिवाणूंची वस्ती असते. ३० अंश सेल्सिअसला समुद्राच्या एक लिटर पाण्यात फार तर ६ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो. म्हणजे आठ लिटरच्या डब्यात सुमारे ५० मिलिग्रॅम. प्रवाह थांबला की तेवढ्याच शिदोरीवर सगळी वस्ती जगते, आणि ती शिदोरी फार वेळ पुरत नाही. मासे फिल्टरातल्या घडामोडींनी मेले होते आणि त्या घडामोडी मला ठाऊक नव्हत्या. तेव्हापासून जे शिकलो, ते ज्या क्रमाने शिकायला हवे होते त्या क्रमाने येथे मांडत आहे. यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. रोज संध्याकाळचा अर्धा तास, एक वही आणि सहा महिन्यांचा धीर लागतो.

आधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, सागरी पंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांचा २००१ मध्ये समावेश झाला आहे. त्यामुळे वास्कोसमोरच्या ग्रांद बेटावरून किंवा शेजारच्या मालवणातून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. ज्याला बाजारात 'लाइव्ह रॉक' म्हणतात, तो दगड बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या अभ्यासासाठी प्रवाळाची गरजही नाही. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे, सिरॅमिकच्या रिंगा आणि बंदिस्त पैदाशीतून आलेले क्लाऊनफिश एवढ्यावर संपूर्ण अभ्यासक्रम पार पडतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केलेले असल्यामुळे, विक्रेत्याला 'मासा पैदाशीचा आहे का?' असे विचारणे आता अवघड राहिलेले नाही.

पाणी

गोव्यात राहणाऱ्याला समुद्राचे पाणी फुकट मिळते असे वाटते, पण ते वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी इतके गोडे पाणी आणतात की मिरामारच्या किनाऱ्यावर भरलेल्या कॅनमधील लवणता टाकीच्या उपयोगाची उरत नाही. प्रयोगासाठी पाणी आणायचेच असेल, तर ते डिसेंबर ते मार्च या काळात, भरतीच्या वेळी, नदीच्या मुखापासून दूर आणि जेट्टी नसलेल्या जागी भरावे. जागेविषयी रांपणकारांना विचारावे. कोणत्या वळणावर नाल्याचे पाणी वळते, हे त्यांना नकाशापेक्षा चांगले कळते. मी स्वतः टाकीसाठी आरओच्या पाण्यात तयार मीठ मिसळतो आणि समुद्राचे पाणी केवळ निरीक्षणासाठी आणतो. लवणता हजारी ३५ ठेवावी आणि रिफ्रॅक्टोमीटर (लवणता मोजण्याचे उपकरण) साध्या पाण्यावर न जुळवता हजारी ३५ च्या प्रमाण द्रावणावर जुळवावा.

सूक्ष्मदर्शक आणि पावसाळा

४, १०, ४० आणि १०० पट वस्तुभिंगे असलेला, महाविद्यालयात वापरतात तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरेसा आहे. त्याला संगणकाशी जोडणारा कॅमेरा नसला तरी चालतो, पण प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा मात्र हवाच. रंग न दिलेले जिवाणू जवळजवळ पारदर्शक असतात. पडदा बराचसा मिटला की त्यांच्या कडा उठून दिसतात. नवशिके नेमके उलट करतात, प्रकाश वाढवतात आणि काहीच दिसत नाही म्हणून निराश होतात.

गोव्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि एकदा ती काचेत रुतली की निघत नाही. सूक्ष्मदर्शक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडे करावे. जून ते सप्टेंबर या काळात हे काम मी आठवड्याला करतो.

मोजमापाची एक सोपी युक्ती आहे. नेत्रभिंगावर १८ असा क्षेत्रांक कोरलेला असेल, तर ४० पट वस्तुभिंगातून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर असतो. याच अंदाजाने समोरचा ठिपका एक-दोन मायक्रोमीटरचा जिवाणू आहे की वीस मायक्रोमीटरचा डायटम (काचेसारख्या कवचाचे एकपेशीय शैवाल), हे ठरवता येते.

पहिला प्रयोग : टांगलेली काचपट्टी

समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, पण टाकीतले खरे काम पृष्ठभागांवर चालते. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी पाच स्वच्छ काचपट्ट्या दोऱ्याने संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टांगाव्यात आणि १, २, ४, ८ व १६ व्या दिवशी एकेक काढावी. काढलेली पट्टी टाकीच्याच पाण्यात हलकेच बुडवून सैल कचरा जाऊ द्यावा, कडेने टिपकागदावर निथळवावी, एका बाजूचा थर पुसून टाकावा आणि दुसरी बाजू वर ठेवून वाळवावी. मग खालून ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवावी, म्हणजे जिवाणू काचेला चिकटतात. त्यानंतर आरओच्या पाण्याने सावकाश धुवावी, म्हणजे मीठ विरघळून जाते. क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथिलीन ब्लू एक मिनिट ठेवून पुन्हा धुवावी आणि वाळल्यावर तेल घालून १०० पट भिंगाखाली पाहावी.

धुणे अपुरे राहिले तर चौकोनी, काटकोनी कडांचे कण दिसतील. ते मिठाचे स्फटिक असतात. माझ्या वहीच्या पहिल्या तीन पानांवर मी मोठ्या काळजीने काढलेली 'चौकोनी जिवाणूं'ची चित्रे आहेत. ती सगळी मीठच होती.

पहिल्या दिवशी इकडे-तिकडे विखुरलेले दांडके दिसतात. चौथ्या दिवशी त्यांच्या जोड्या आणि लहान बेटे झालेली असतात आणि बेटांभोवती फिकट जांभळा, चिकट असा थर रंग धरतो. जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेली हीच ती बायोफिल्म. आठवड्यानंतर होडीच्या आकाराचे डायटम येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांना व जिवाणूंना खाणारे केसाळ एकपेशीय जीव. सोळाव्या दिवसाची पट्टी रंग न देता, ओलीच, आच्छादन काच ठेवून पाहावी. देठावर बसलेला एखादा घंटेसारखा जीव पाणी ओढताना दिसतो, मग देठ अचानक आखडतो आणि क्षणभराने पुन्हा सावकाश उलगडतो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा घरातल्या सर्वांना एकेक करून उठवून आणले होते.

ओल्या पट्टीवर एक भेद लक्षात ठेवावा. सगळेच कण थरथरतात, कारण पाण्याचे रेणू त्यांना ढकलत असतात. जो कण शेजारच्या कणांना मागे टाकून स्वतःच्या दिशेने जातो, तोच पोहणारा जीव मानावा.

दुसरा प्रयोग : तीन बरण्या

या अभ्यासक्रमाचा कणा हाच आहे. टाकीत माशांच्या मलमूत्रातून विषारी अमोनिया तयार होतो; काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. असे बाटलीतले जिवाणू विकणारे बरेच जण आहेत आणि त्या बाटल्यांचे गुणगान करणारे छंदिष्टही बरेच आहेत. पण न घातले असते तर काय झाले असते, याची नोंद जवळजवळ कोणाकडेच नसते. माझ्या मते शेजारी तुलनेची बरणी न ठेवता टाकीबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष नोंदवण्याच्या लायकीचा नसतो.

प्रत्येकी तीन लिटर खारे पाणी असलेल्या तीन बरण्या घ्याव्यात, प्रत्येकीत पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडावा आणि सर्व एकाच जागी, उन्हापासून दूर ठेवाव्यात. पहिलीत नव्या सिरॅमिक रिंगा टाकाव्यात. दुसरीत जुन्या टाकीच्या संपमधील तितक्याच रिंगा टाकाव्यात. तिसरीतही जुन्याच रिंगा, पण त्या आधी एक दिवस ब्लीचच्या पाण्यात ठेवून, भरपूर धुऊन, क्लोरीनचा वास संपूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवलेल्या असाव्यात. ब्लीच कधीही व्हिनेगर किंवा अमोनियाबरोबर मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. रिंगा उकळणे सोपे वाटते, पण टाकीतला दगड उकळण्याची सवय लागू नये म्हणून मी ते सांगत नाही. दगडावर झोअँथिड (प्रवाळांचे आप्त असलेले मऊ प्राणी) असतील तर त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर फुप्फुसात जाऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो.

आता ६ ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवावे. या द्रावणाचा एक मिलिलिटर प्रत्येक लिटर पाण्यामागे घातला की सुमारे २ मिलिग्रॅम अमोनियम होते. म्हणजे प्रत्येक बरणीत तीन मिलिलिटर. दर दुसऱ्या दिवशी, एकाच वेळी, अमोनिया आणि नायट्राइट मोजावे व आलेखावर टिंब द्यावे. चाचणी संच अमोनिया कोणत्या रूपात मोजतो, केवळ नायट्रोजन म्हणून की संपूर्ण रेणू म्हणून, हे माहितीपत्रकात पाहून वहीच्या पहिल्या ओळीत लिहावे. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची चाचणी फसवे, वाढीव आकडे देते, म्हणून नायट्रेट शेवटीच मोजावे.

दुसऱ्या बरणीतला अमोनिया काही दिवसांत उतरतो. पहिलीत तो आठवडेच्या आठवडे ढिम्म राहतो, मग एकाएकी कोसळतो आणि नायट्राइटचा डोंगर उभा राहतो. याचे कारण वाढीच्या वेगात आहे. व्हिब्रिओ नॅट्रिएजेन्स हा सागरी जिवाणू अनुकूल स्थितीत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो, तर अमोनियावर जगणाऱ्यांना दुप्पट व्हायला एक दिवसाच्या आसपास वेळ लागतो, कारण अमोनियातून मिळणारी ऊर्जा फार थोडी असते आणि त्यातूनच त्यांना कार्बन डायऑक्साइडपासून शरीर घडवायचे असते. तिसरी बरणी बहुधा पहिलीसारखी वागते, किंबहुना तिच्यात अमोनिया थोडा वाढतोही, कारण रिंगांवरचे मेलेले जीव कुजतात. दुसऱ्या बरणीचे यश रिंगेच्या सच्छिद्रपणाचे नसून तिच्यावरच्या जिवंत थराचे आहे, हे तिसऱ्या बरणीवाचून सिद्ध होत नाही.

हे काम नेमके कोण करते, याचे उत्तर बदलत गेले आहे. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी नायट्रीकरण करणारे जिवाणू वेगळे काढले. जुन्या पुस्तकांत नायट्राइटचे नायट्रेट करणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचेच नाव येते; १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असे दाखवले. अमोनियावर जगणारा पहिला आर्किया (जिवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव), नायट्रोसोपुमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो सापडला सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातील उष्ण कटिबंधीय सागरी टाकीत. पुढे याच गटाचे जीव महासागरांत सर्वत्र, विपुल असल्याचे स्पष्ट झाले. टाकीतल्या थराकडे पाहताना मला ही गोष्ट नेहमी आठवते.

तिसरा प्रयोग : ऑक्सिजनची उतरंड

सूक्ष्मजीव अन्न जाळतात तेव्हा त्यांना ऑक्सिजन हवा असतो. तो संपला की ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज व लोहाची संयुगे आणि अखेर सल्फेट. घरातल्या उतरंडीवरचे मडके जसे वरून एकेक उतरवतात, तसाच हा क्रम आहे. सल्फेटचे मडके समुद्रात फार मोठे आहे, लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम, आणि ते वापरले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. टाकीच्या वाळूत काचेलगत दिसणारा काळा पट्टा हा त्याच सल्फाइडचा लोहाशी झालेला संयोग होय. त्या पट्ट्यात बोट घालून तो ढवळू नये.

ही उतरंड पाहण्यासाठी विनोग्राडस्कींचा स्तंभ उभारावा. खाजनाच्या बांधालगतची काळी, चिखलट माती मालकाची परवानगी घेऊन आणावी. अभयारण्यातून किंवा राखीव खारफुटीतून आणू नये. मातीतले खेकडे, शंख आणि मुळे काढून टाकावीत. तिच्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे कार्बनसाठी, तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पूड कार्बोनेटसाठी आणि उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर बलक गंधकासाठी मिसळून उंच पारदर्शक बरणी दोन-तृतीयांश भरावी, वर खारे पाणी घालावे, झाकण सैल ठेवावे आणि बरणी खिडकीजवळ, थेट ऊन न लागेल अशी ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांत तळाकडे काळे, त्यावर हिरवे व जांभळट-गुलाबी पट्टे आणि वर तपकिरी व नीलहरित थर दिसू लागतात. हिरवे आणि जांभळे गंधक-जिवाणू प्रकाश वापरतात, पण पाण्याऐवजी सल्फाइड फोडतात. म्हणून ते जेथे खालून सल्फाइड आणि बाजूने प्रकाश दोन्ही मिळतात, तेथेच पट्टा धरतात. दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच वेळी छायाचित्र घ्यावे आणि पट्ट्यांची उंची मोजपट्टीने मोजावी.

हीच उतरंड आपल्या दारातल्या समुद्रात दरवर्षी रचली जाते आणि उतरते. नैर्ऋत्य मोसमी काळात कमी ऑक्सिजनचे खोल पाणी किनाऱ्याकडे वर येते, त्यावर पावसाचे आणि नद्यांचे हलके गोडे पाणी झाकणासारखे बसते आणि खालच्या पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन जिवाणू संपवतात. मग नायट्रेट जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी हायड्रोजन सल्फाइड आढळतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोरच्या ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन हे नोंदवले आहे, आणि एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांचा याविषयीचा शोधनिबंध २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. माझ्या फिल्टरच्या डब्यात जून महिन्यात जे घडले, तेच कांदोळीपुढच्या पाण्यात प्रचंड प्रमाणावर घडते. म्हणून आता वीज तासाभराहून अधिक गेली, की मी डब्याचा प्लग काढून ठेवतो, डबा उघडतो, आतले पाणी फेकतो, रिंगा टाकीच्या पाण्यात विसळतो आणि मगच तो सुरू करतो.

तपकिरी थराची ओळख

टाकीत तपकिरी किंवा लालसर थर आला की बहुतेक जण लगेच औषध शोधतात. आधी एक थेंब ४०० पट मोठा करून पाहावा. काचेसारख्या कडक कवचाचे, सरळ रेषेत घसरणारे असतील तर ते डायटम. जागच्या जागी गरगर फिरणारे, थेंबासारखे एकपेशीय असतील तर डायनोफ्लॅजेलेट (चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणारे जीव). लांबच लांब, फांद्या नसलेले आणि सावकाश सरकणारे धागे असतील तर नीलहरित जिवाणू. थोडा थर टाकीच्या पाण्यात जोरात हलवून, कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळून, बाटली तासभर प्रकाशात ठेवावी; डायनोफ्लॅजेलेट असतील तर ते पुन्हा चिकटून दोरे किंवा गोळे करतात. यांतील ऑस्ट्रिऑप्सिससारख्या काही जाती विषारी असतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि थर उघड्यावर वाळू देऊ नये.

नीलहरित धाग्यांची सवय झाली की फेब्रुवारीनंतर समुद्रावर लक्ष ठेवावे. ट्रायकोडेस्मियम हा त्यांचाच आप्त उन्हाळ्यात गोव्याच्या समुद्रावर भुशासारखा तरंगतो आणि हवेतील नायट्रोजन पाण्यात बांधतो. बादलीभर पाण्यातून उचललेल्या चिमटीतही काडीच्या जुड्यांसारखे त्याचे गुच्छ दिसतात.

कार्बन देण्याआधी

नायट्रेट उतरवण्यासाठी व्हिनेगर देण्याची रीत आहे. त्यावर पोटभर वाढलेले जिवाणू नायट्रोजन व फॉस्फरस शरीरात घेतात आणि स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) त्यांना बाहेर काढतो. पण ते ऑक्सिजनही तितक्याच हावरटपणे घेतात, म्हणून स्किमर नसलेल्या टाकीत हा उपाय करू नये. गोव्यात घरोघरी असते ते माडाच्या सुरेचे व्हिनेगर यासाठी वापरू नये; त्यात ॲसिटिक आम्लाखेरीज इतर बरेच सेंद्रिय पदार्थ असतात. पांढरे, शुद्ध व्हिनेगर घ्यावे आणि टाकीत देण्यापूर्वी वरच्यासारख्या दोन बरण्यांत, एकीत व्हिनेगर घालून आणि एकीत न घालता, आठवडाभर पाण्याचा गढूळपणा व नायट्रेट पाहावे.

जिवाणूंची वाढवणी

सर्वात शेवटी हे, आणि शक्यतो घरी नको. क्लॉड झोबेल यांच्या नावाने ओळखले जाणारे २२१६ हे माध्यम आजही सागरी जिवाणूंसाठी प्रमाण मानले जाते. त्याचे मूळ घटक म्हणजे समुद्राच्या एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम पेप्टोन आणि १ ग्रॅम यीस्ट अर्क. पण टाकीत व्हिब्रिओच्या रोगकारक जाती आणि त्वचेवर हट्टी गाठी आणणारा मायकोबॅक्टेरियम मॅरिनम असू शकतो. पेट्री डिशमध्ये आपण नकळत त्यांचीच पैदास करून बसू शकतो. गोव्यातील काही महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत आणि ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात सागरी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले जाते; बरण्यांचे आलेख आणि काचपट्ट्यांची चित्रे असलेली वही घेऊन गेलात, तर एखादे प्राध्यापक प्रयोगशाळेत शेजारी बसवून घेण्याची शक्यता बरीच वाढते.

तेथे करायचे काम असे. टाकीचे १ मिलिलिटर पाणी ९ मिलिलिटर निर्जंतुक खाऱ्या पाण्यात घालावे, त्यातून पुन्हा १ मिलिलिटर पुढच्या ९ मध्ये, असे चार वेळा. विरलनासाठी साधे पाणी वापरले तर अनेक सागरी जिवाणू फुटतात. प्रत्येक पायरीचे ०.१ मिलिलिटर पाणी डिशवर पसरावे आणि खोलीच्या तापमानाला ठेवावे. ३७ अंशांना वाढवू नये, कारण त्या तापमानाला माणसाच्या शरीरात रमणारे जिवाणू पुढे येतात. ३० ते ३०० वसाहती (जिवाणू वाढून डिशवर दिसणारे ठिपके) असलेली डिशच मोजावी. दुसऱ्या पायरीच्या डिशवर ८४ वसाहती आल्या, तर ८४ गुणिले १०० गुणिले १०, म्हणजे मिलिलिटरमागे ८४,००० वाढू शकणारे जिवाणू. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याच पाण्यात याच्या कितीतरी पट अधिक दिसतील, कारण समुद्रातील बहुतेक जिवाणू अशा माध्यमावर वाढतच नाहीत. दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहावेत.

एकदा चिकटपट्टीने बंद केलेली डिश पुन्हा उघडू नये. वसाहती झाकणावरूनच पाहाव्यात. प्रतिजैविके घालून चाचण्या करू नयेत. काम संपल्यावर डिशेस १२१ अंशांना किमान २० मिनिटे वाफेच्या दाबाखाली ठेवून मगच टाकाव्यात, आणि हाताला काप किंवा खरचटलेले असेल त्या दिवशी टाकीत हात घालू नये.